मावशीचा फोन मी मुक्त केला

३ जून
प्रोजेक्टचा विषय फायनल: टेलिफोनची मक्तेदारी मोडल्याचे दूरगामी परिणाम. सर म्हणाले, झेपेल का? म्हटलं, सहज.
मी राहतो मावशीकडे, आणि तिच्याकडे अजून जुन्या सरकारी कंपनीचा लँडलाइन. त्याच कंपनीच्या एक्सचेंजमध्ये ती एकतीस वर्षं ऑपरेटर होती. मोबाइल नको म्हणते. सुधारणा घरापासून सुरू करायला हवी.

५ जून, दुपारी
नव्या कंपनीचा फॉर्म भरला. दोन चौकोन होते. जुन्या नंबरासकट: सात दिवस. नवा नंबर: आजच, वर राउटर फ्री. दुसऱ्यावर टिक. नंबर म्हणजे शेवटी आकडेच. त्यावर आणि जुनी लाइन बंद करायच्या अर्जावर सही मावशीच्या नावाने मीच ठोकली, तिला कशाला त्रास.
तिने विचारलं, नंबर तोच ना? म्हटलं, ऑफ कोर्स. (फोन तर तोच आहे.)

९ जून
जेवताना मावशी मामाबद्दल बोलली. बारा वर्षांपूर्वी सगळ्यांशी भांडून गेला तो. पत्ता देत नाही, नंबर देत नाही. पण दरवर्षी वीस जूनला, तिच्या वाढदिवसाला, फोन करतो. दोन मिनिटं. त्याला हा एकच नंबर पाठ आहे.
म्हणजे पाठ होता.
मला जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.
उद्या नंबर परत आणतो. स्पर्धेच्या काळात कस्टमर राजा असतो.

१० जून
जुनी कंपनी: तुम्हीच बंद केलात, ही बघा सही. सहीचा विषय मी वाढवला नाही.
नवी कंपनी: तो नंबर आमच्याकडे आलाच नाही. हवं तर अजून एक राउटर देतो.
रिकामे नंबर आता म्हणे एक तिसरीच कंपनी घाऊक उचलते. तिथे: नंबर दिला गेलाय. कोणाला? सांगता येणार नाही, प्रायव्हसी.
पूर्वी एका खिडकीवर डाफरून घ्यावं लागायचं, आता तीन. प्रोजेक्टला पॉइंट भारी आहे. असं मनात आलं म्हणून स्वतःची लाज वाटली. पॉइंट लिहून ठेवला.

११ जून
डोकं चालवलं. त्या नंबरवर सरळ फोन लावला. दातांचा दवाखाना, दोन गल्ल्या सोडून. रिसेप्शनिस्ट म्हणाली, बोला. मी ठेवून दिला.

१४ जून
आज मावशीला सांगणारच होतो. ती फोन पुसत होती. हल्ली वाजतच नाही रे, म्हणाली. म्हटलं, नव्या टेक्नॉलॉजीत राँग नंबर येत नाहीत.
उद्या सांगतो.

१५ जून
मूड बरा होता तिचा. कशाला घालवा.

१७ जून
प्लॅन ठरला. वीसला सकाळी नऊपासून दवाखान्यात ठाण मांडायचं. मामाचा फोन मी घेणार, नवा नंबर देणार, संध्याकाळी तो घरी फोन करणार. मावशीला पत्ताही लागणार नाही. फुलप्रूफ.

२० जून, संध्याकाळी
अलार्म वाजला. बहुतेक मीच बंद केला. धावतपळत साडेदहाला पोचलो.
रिसेप्शनच्या टेबलामागे मावशी.
खणखणीत आवाजात पेशंटना वेळा देत होती. रिसेप्शनिस्ट बाजूच्या स्टुलावर बसून नुसती बघत होती. मावशीने पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या फोनवरून स्वतःचा जुना नंबर लावून पाहिला होता, असं रिसेप्शनिस्टकडून कळलं. रोज सकाळी इथे येऊन मदत करते. मला वाटायचं, बाजारात जाते. मी पेशंटच्या बाकड्यावर टेकलो.
अकरा वीसला मामाचा फोन आला. मावशीने आधी त्याला नवा नंबर लिहायला लावला, दोनदा म्हणवून घेतला. मग त्याने काहीतरी विचारलं. मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, “नाही रे, मीच बदलला. जुन्याचा कंटाळा आला होता.”
फोन ठेवला. वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर सुटलो असतो.
मला एवढंच म्हणाली, “ऊठ, त्या आजोबांना बसू दे.”
उठलो. दवाखाना बंद होईपर्यंत उभा होतो. बस, असं कोणी म्हणालं नाही.