राणीची हाक

आई,

शाळेत आज लवकर जायचंय, म्हणून फुलंब्रीची पहिली बस धरतेय. तुला उठवलं नाही. डब्यात दशम्या आहेत, खाऊन घे. काल तू जेवली नाहीस.

काल मेथी निवडताना तुला माझ्या कादंबरीचं नवं प्रकरण वाचून दाखवलं. मेलेल्या राजाला राणी नावानं हाक मारते आणि तो उठून येतो. तू म्हणालीस, "एवढं सोपं असतं व्हय? मी काय कमी हाका मारल्या ह्यांना?" आणि अर्धी जुडी टाकून उठलीस.

मला वाटलं, मी तुला दुखवलं. दुखवलंच. पण पहाटे पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, तू गोष्टीतली खोट दाखवली होतीस. जादूच्या राज्यात काहीही घडू शकतं, पण फुकट घडलं की कुणाला खरं वाटत नाही.

आता तिथं नियम केलाय. राणी जितक्या हाका मारेल, तितक्या राजाच्या आठवणी विसरेल. शेवटच्या हाकेला तो येईल, पण ती त्याला ओळखणार नाही. म्हणून ओठांवर आलेलं नाव ती पदराच्या गाठीत बांधून ठेवते. पटतंय का, संध्याकाळी सांग. मेथी फ्रीजमध्ये आहे, दोघी मिळून निवडू.

आणि आई, चहा उकळला की तुझ्या तोंडून अजून "अहो, चहा" निघतं. बाबा गेल्यापासून मी ते न ऐकल्यासारखं करते.

आज मी ओ देईन.

मृण्मयी