आवतन देऊन जुंपलं

माय,

तुह्या अन् बाबाच्या पाया पडतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होते. तुह्ये गुडघे कसे आहेत?

माह्या कादंबरीवरच्या टीव्ही मालिकेचा शेवटचा भाग रविवारी आहे. दुसऱ्या ग्रहावरची ती राणी लढाईच्या आदल्या दिवशी आपल्या सहा पायांच्या जनावरांच्या कानात म्हणते, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' मंग लढाईच्या दिवशी आपल्या पोळ्यासारखं त्यायले जुंपत नाही, अन् राज्य हरते. नऊशे पानं मी त्या एका दिवसासाठी लिहिली.

दिग्दर्शकानं शब्द देला होता, हे बदलणार नाही. मले 'उद्या सुट्टी आहे' सांगितलं अन् त्या सुट्टीच्याच दिवशी शूटिंग उरकलं. आता राणी आवतन देते, अन् सकाळी त्या जनावरायलेच रथाले जुंपून जिंकते. कानातलं बोलणं त्यायनं ठेवलं, गोड वाटते म्हणून.

बाबा दर रविवारी अर्धं वलगाव घरी बसवून मालिका पाह्यतात म्हणे. बाबानं जन्मात पोळ्याले बैलाच्या मानेवर जू ठेवलं नाही. अन् पडद्यावर लेखक म्हणून नाव माह्यंच येते.

रविवारी आठ वाजता आपल्याकडची लाईट गेली तर बरं होईन, माय.

तुह्या,
अंकुर