शंभर वर्षं टिकणारा मुका पाळणा

तीर्थरूप निरुपमाआत्या,

बडोद्याहून, आमच्या अकोट्यातून मोहनाचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा, कारण गेल्या फोनवर तुझ्यापेक्षा तेच जास्त कुरकुरत होते. आतोबांची साखर ताब्यात असेल, आणि श्रीखंडाचा डबाही (तो तुझ्या ताब्यात).

आता बस, आणि चिडू नकोस. माझा प्रबंध लिहून झाला खरा, पण विद्यापीठ म्हणतं, साधी पीडीएफ चालणार नाही. पीडीएफ-ए हवी, म्हणजे शंभर वर्षांनीही जशीच्या तशी उघडेल अशी. त्याशिवाय पदवी नाही. हेरंबनं (तुझा भाचजावई, आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं समजणारा) फाईल तपासायला टाकली, तर चुकांची ही रांग! फॉन्ट फायलीतच कोंबायचे, बाहेरच्या लिंका काढायच्या, सगळं निमूट केलं. एक लाल फुली मात्र हटेना. शेवटी कळलं, ती फुली म्हणजे तू!

बडोद्याच्या मराठी घरांतले पाळणे हा माझा विषय, आणि तिसऱ्या प्रकरणात एका जागी क्लिक केलं की तुझा पाळणा वाजायचा. नागपूरला लेकाकडे जाण्याआधी दांडिया बाजारातल्या खिडकीत बसून म्हटलेला. मध्येच थांबून तू भाजीवालीला ‘बेन, आटलुं मोंघुं?’ म्हणून महागाईवरून झापलंस आणि सूर न सोडता पुन्हा ‘जो जो’ सुरू केलंस, तोच. आमचे सर म्हणतात, ती घासाघीस हाच अस्सल पुरावा. पण या फायलीत आवाज चालत नाही. टिकायचं तर मुकाट्यानं टिका, असा कायदा. आतोबांना जन्मात जमलं नाही ते हेरंबनं चुटकीसरशी केलं, तुला गप्प बसवलं. लगेच हिरवी खूण आली. तो टाळ्या वाजवत होता आणि मला मात्र रडूच आलं गं. तू तर सगळ्या भजनी मंडळात सांगून बसलीयस, माझा आवाज विद्यापीठात जाणार म्हणून! आता नुसते शब्द जातील (भाजीवालीसकट, तिला मी वगळलं नाही).

तुला गप्प करण्याचं पाप माथी घेतलेली तुझी भाची,
मोहना

ता. क. बाहेरगावच्या परीक्षक बाई म्हणतात, आवाज नाही तर व्हायवात पाळणा म्हणून दाखवा. मी गायले तर हातातली पदवी जाईल. तेव्हा तू ये.

आणखी एक ता. क. व्हायवाला नाही जमलं तरी चालेल, मी कशीबशी निभावेन. पण दिवाळीनंतर यायचंच, आणि चांगलं महिनाभर राहायचं. हेरंब म्हणतो, बारशाला तुझं रेकॉर्डिंग लावू. मी सांगून टाकलं, माझ्या बाळाचा पाळणा आत्याच म्हणणार, समोर बसून. आईला अजून बोलले नाही. तुला आधी.