बिशपांच्या उंबऱ्यावरचा घास

यम्मा, माझ्या आई, तुझ्या हातांना ओठ लावून लिहिते.

मी खुशाल आहे. मिशनच्या शाळेतल्या मुली मन लावून शिकतात. तुझा खोकला कसा आहे?

बिशप आता फार थकलेत. मेलेल्यांसाठी उंबऱ्यावर घास ठेवायची आपली रीत त्यांनी आयुष्यभर पाप ठरवली. आता रोज स्वतःच कुसकुसाचं ताट भरून ठेवतात. स्वयंपाकीण तसादित तोंडावर म्हणाली, "बाबा, आम्हाला दटावलंत, आणि आता?"

काल त्यांनी माझा हात धरला. "पोरी, दुष्काळात मी आणलेली, इथेच मेलेली लेकरं येतात. मी ठेवलेल्या ख्रिस्ती नावांनी हाका मारतो, पण वळून बघत नाहीत. घरची नावं मी विचारलीच नाहीत गं."

मला राग यायला हवा होता, पण रडूच आलं.

यम्मा, तुझ्या धाकट्या बहिणीलाही इथेच आणलं होतं ना? तिचं नाव तू कधी घेत नाहीस. आता मला कळव. बिशपांना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

एवढी शिकूनही हे लिहिते, हसू नकोस. आज तिन्हीसांजेला त्या ताटापाशी तुझ्यासारख्या हनुवटीची एक मुलगी पाठमोरी होत होती, आणि हाक मारायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

मला तुझ्या दुव्यात राहू दे.
तुझी वर्दिया