मुख्याध्यापिकेचा चष्मा

सोमवार, ४ मार्च

ठकी म्हणते, रविवारी मी बोलायचं! बालवाडीच्या हॉलमध्ये. तिच्या आईने तिथे अर्धं आयुष्य पोरांची नाकं पुसली, म्हणून बालवाडीवाल्यांनीच आठवणींचा कार्यक्रम ठेवलाय. "बाबा, तुम्हीच नाही बोललात तर लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील! मी जन्मभर लोकांना एवढंच विचारलं — आता कसं दिसतंय? आणि आता? चष्मेवाल्याने भाषण काय ठोकायचं?

पण एक गोष्ट आहे सांगण्यासारखी. शेवटची काही वर्षं तिला वाचायला जमत नव्हतं. रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवायचो. पहिल्या पानापासून थेट हवामानापर्यंत. चहा गार व्हायचा, पण खंड नाही. किती नवरे करतात एवढं? हे सांगितलं की हॉलमधल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघतील. बघू देत!

मंगळवार, ५

लिहायला बसलो. "ती प्रेमळ होती. ती कष्टाळू होती." खोडलं. हे कुणाच्याही बायकोबद्दल चालेल. तिला गाणं कुठलं आवडायचं? आठवेना. ठकीला विचारायचीही लाज वाटली. पेपरचंच सांगावं झालं.

बुधवार, ६

ठकी म्हणाली, फोटोपुढे आईचा चष्मा ठेवू या. म्हणून पुसायला दुकानात नेला. पुसला आणि सवयीने, निव्वळ सवयीने, नंबर मोजायच्या मशीनवर ठेवला.

उजव्या काचेत सिलिंडर नंबर, म्हणजे आडवं-तिरकं फाटून दिसणाऱ्या डोळ्याचा! हिला सिलिंडर कधीच नव्हता. मला वाटलं मशीन बिघडलं. माझा चष्मा ठेवून बघितला — मशीन ठणठणीत. परत तिचा ठेवला. तोच नंबर.

मग आठवलं. 

तिचा जुना चष्मा तिच्याच हाताखाली येऊन मोडला होता. दुकानात गर्दी. ती कोपऱ्यात उभी, "अहो, माझंही बघा ना जरा." मी ड्रॉवरमधून कुठल्याशा मुख्याध्यापिकेचा चष्मा काढून दिला. बाईंनी तयार करून घेतला आणि न्यायलाच आल्या नाहीत. "जवळपास तुझाच नंबर आहे. घाल तात्पुरता, रविवारी नीट डोळे तपासू." तिने घातला, आरशात बघितलं, म्हणाली, "छान आहे हो फ्रेम."

तो रविवार कधी आलाच नाही. एकदोनदा आठवण केलीन तिने. मी म्हणालो, "गिऱ्हाईक आधी की तू आधी?" हसली. घरचंच माणूस, जातंय कुठे!

गावभर नंबर वाटत फिरलो आणि घरात बायको दुसरीच्या डोळ्यांनी बघत होती. तोंड कुठे लपवू? आणि मी म्हणत होतो, तिला वाचायला जमत नव्हतं. जमेल कसं!

गुरुवार, ७

दुकान उघडलं नाही. पाटीकडे बघवेना. "अचूक नंबर" असं लिहिलंय मीच, मोठ्या अक्षरांत.

शुक्रवार, ८

एकेक आठवतंय आणि जीव नकोसा होतोय. चहा कपाच्या बाहेर ओतायची. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. सुईत दोरा ओवायला शेजारणीकडे जायची — चष्मेवाल्याची बायको! एकदा पाहुण्यांसमोर तिच्या हातून तांब्या लवंडला तर मी म्हणालो, "आंधळी आहेस का गं?" सगळे हसले. ती पण हसली. जीभ कशी झडली नाही माझी!

पुढे पुढे तिचं धडपडणं थांबलं. मला वाटलं, वयाबरोबर सावध झाली. फक्त पेपर काही तिला वाचता येईना. "अहो, अक्षरं नाचतात हो. तुम्हीच वाचा." आणि मी वाचायचो, वर उपकार केल्यासारखा. तेच भाषणात मिरवणार होतो!

संध्याकाळी ठकीला सगळं सांगितलं. म्हणालो, मी बोलणार नाही. कुठल्या तोंडाने बोलू? ती म्हणाली, "बाबा, आईला सगळं कळत होतं." म्हणजे काय, विचारलं, तर "उद्या-परवा बोलू" म्हणून उठली. डोळे पुसत होती.

शनिवार, ९

दुकान उघडलं. नाही उघडलं तर घरात तिची खुर्ची समोर येते.

दुपारी समोरचा झगमग आला! रस्त्यापलीकडचा चष्मेवाला, काचेच्या दारांचा, दिवसाढवळ्या दिवे लावून बसणारा. मी त्याचं नाव कधी घेतलं नाही, झगमगच म्हणतो. आज पहिल्यांदा माझा उंबरा चढला. अवघडून उभा. म्हणाला, "काका, यावं की नाही कळत नव्हतं. हा काकूंचा चष्मा. दांडी ढिली झाली होती म्हणून टाकून गेल्या होत्या. न्यायच्या राहून गेल्या."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. म्हणालो, "तुझ्याकडे? चष्मा?"

"बरीच वर्षं झाली, काका. दर वर्षी तपासून घ्यायच्या. मी म्हणायचो, काकांना सांगा. तर म्हणायच्या, नको रे बाबा, त्यांना लागेल ते. धंद्यात त्यांची मान खाली नको."

तो गेल्यावर आधी रागच आला. खोटं कशाला बोलावं? तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बायको, माझ्याच समोरच्याकडे! भररस्त्यातून! सगळ्या बाजाराला ठाऊक असणार, मला सोडून. मग चष्मा मशीनवर ठेवला. सिलिंडर नाही. काचा स्वच्छ, मधोमध बसवलेल्या. चांगलं काम करतो झगमग.

मग रडलो. आधी सुटल्यासारखं वाटलं म्हणून. दिसत होतं तिला! मी दुकानात गेलो की हा चष्मा घालून वावरत असणार. दोरा ओवत असणार, पोरांना गोष्टी वाचून दाखवत असणार. मी घरी आलो की परत मुख्याध्यापिकेचा. माझं मन राखायला! मी तिला एक नंबर धड दिला नाही आणि ती माझी अब्रू सांभाळत बसली.

पण मग पेपर? माझ्यापुढे हा चष्मा घालायचा नव्हता, मान्य. तरी मी दुकानात गेल्यावर घरभर पडलेला असायचा पेपर. मग रोज सकाळी मला कशाला वाचायला लावायची?

रविवार, १०

हॉलमध्ये जायच्या आधी ठकीला विचारलं. तिने माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली. म्हणाली, "बाबा, तुम्ही गेल्यावर आई सगळा पेपर स्वतः वाचायची. शब्दकोडं सोडवून मला फोन करायची. मी विचारलं होतं तिला, मग बाबांना का दमवतेस? तर म्हणाली, वाचू दे गं. दिवसभरात तेवढंच बोलतात माझ्याशी."

बोलत नव्हतो गं. बातम्या वाचत होतो.