बेचाळिसावा संदर्भ

३ मार्च

आई कोणत्या प्रकारात बसते? मला सांगता येत नाही.

प्रबंधाची जुळणी संगणकावर मीच करते आहे. प्रत्येक संदर्भाला प्रकाराचं लेबल द्यावं लागतं— पुस्तक, लेख, मुलाखत, खाजगी संभाषण. त्याप्रमाणे शेवटची यादी आपोआप लागते. एकेचाळीस झाले. बेचाळिसावी आई. निळीच्या हौदात सूत कसं रंगवतात ते सगळं तिच्याकडून कळलेलं, प्रबंधात चौतीस ठिकाणी तिचाच आधार. आता विचारायला ती नाही. चार महिने झाले.

'मुलाखत' टाकलं. मुलाखत कसली! ती भांडी घासत बोलायची, मी पुसत ऐकायची. मग हात कोरडे करून टिपून ठेवायची.

५ मार्च

सरांनी लाल रेघ मारली. "सख्ख्या आईची कसली मुलाखत? खाजगी संभाषण म्हण."

खाजगी संभाषण यादीत छापत नाहीत. तसं म्हटलं, तर म्हणाले, "भावनेवर पदवी मिळत नसते, बाई." आणि स्वतःचं पुस्तक पुढे सरकवलं. "यात सगळं आहे, छापील. आईच्या जागी हे घाल. लगेच सही करतो."

मार्गदर्शकाची सही नसेल तर प्रबंध अडकतो. बाबा माझ्या पहिल्या पदवीची तसबीर अजून रोज पुसतात. घरातली पहिलीच ना!

६ मार्च

घातलं. एका जागी बदललं की चौतीस जागी आपोआप बदलतं. मिनिटही लागलं नाही. आईला जायला तीन आठवडे लागले होते.

९ मार्च

पानांचे आकडे ताडून बघायला सरांचं पुस्तक उघडलं. पान ११२— 'रंग पक्का बसावा म्हणून स्त्रिया हौदाभोवती उलट्या पावलांनी तीन फेऱ्या घालतात.' पुढे दीड पान त्याचा गूढ अर्थ!

मी मोठ्यानं हसले. आईचाच किस्सा हा! "एक साहेब आला होता गं, मेल्याचे प्रश्न संपेचनात. शेवटी म्हटलं, हो, उलट्या पावलांनी तीन फेऱ्या घालतो! लिहून घेतलं की त्यानं! फिरून दाखवताना मीच हौदात पडत होते!" हे सांगताना दरवेळी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. निळ्या बोटांनी पुसायची.

मग मला रडू आवरेना. खाली तळटीप एवढीच— 'एका रंगारी स्त्रीकडून.'

बाबांना विचारलं. "चष्मेवाले? आठ दिवस येत होते. तू रांगत होतीस. पुस्तकात नाव छापतो म्हणाले होते. बरीच वर्षं वाट बघितली तिनं. मग विषयच काढला नाही."

११ मार्च

सरांना पान दाखवलं. किस्सा सांगितला. त्यांनी पुस्तक मिटलं. "वीस वर्षं शिकवतोय मी हे पान." मग हळूच, "फार हसायच्या त्या." मला वाटलं, आता तिचं नाव घाल म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. "पुस्तक आहे तिथं राहू दे. तरच सही."

१२ मार्च

प्रबंध दिला. आई पुन्हा चौतीस ठिकाणी आहे. यादीत 'मूळ साधने' असा नवा प्रकार केला, त्यात एकच नोंद— तिचं पूर्ण नाव. सरांचं पुस्तक 'ऐकीव'मध्ये.

खिडकीतला कारकून म्हणाला, "ताई, सहीची जागा कोरी आहे. असाच घेऊ?"

म्हटलं, घ्या.