मनोऱ्यावर चढण्याआधी बुटांची वाटणी

मी, खाली सही करणारा, राहणार लष्करी दफनभूमीतली अवजारांची खोली, शिक्षण चौथी (तीही मास्तर कंटाळले म्हणून), काम गवत कापणे व थडग्यांचे दगड घासणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. धाक व्यवस्थापक साहेबांनी घातला, पण हसत घातला, म्हणून तो धरत नाही.

मधल्या मनोऱ्याच्या टोकाचा दगड हलतो आहे आणि मोठे पाहुणे यायचे आहेत. गवंडी म्हणाला, परांची बांधल्याशिवाय चढणार नाही. साहेब मला म्हणाले, "तू तरणा आहेस, दोर बांध आणि जा." मी स्वखुशीने चढतो अशा कागदावर सहीसुद्धा घेतली. माझी खुशी त्यांना माझ्याआधी कळली. शेजारच्या निवृत्त सैनिकांच्या आश्रमातला तोफवाला म्हणाला, "गवत्या, मोहिमेआधी शिपाई मृत्युपत्र लिहितो. बस, लिही."

कलम एक. घरातली माझी खोली दादाने मी निघालो त्याच दिवशी घेतली. ती त्यालाच देतो, म्हणजे आता तरी ती त्याची होईल.

कलम दोन. "आमचा धाकटा मिलिटरीत आहे," असं दादा माझ्याबद्दल गावभर सांगतो. ते चालू ठेवावे. माझ्या ताब्यात अख्खी पलटण आहे, एकही उलट बोलत नाही.

कलम तीन. साठलेले पैसे आईच्या हातात द्यावे. हातात म्हणजे हातात, दादामार्फत नाही.

कलम चार. मला इथे पुरता येणार नाही, गणवेशवाल्यांनाच जागा आहे. आश्रमातला प्रत्येक म्हातारा आपली जागा आधीच धरतो आणि कोणी बळकावू नये म्हणून दुपारी तिथे खुर्ची टाकून बसतो. तोफवाल्याची जागा भिंतीकडे, झाडाखाली. "मी सरकून घेईन रे," म्हणतो. नियम त्याने कधी पाळले, म्हणून आता पाळेल!

कलम पाच. विळा माझ्या जागी येईल त्याला. धार मी लावलेली आहे, ती साहेबांनी लावली असं कोणी म्हणू नये.

कलम सहा. माझे नवे बूट. उजवा दादाला, माझ्या जागी पाय घालून बघायला. डावा तोफवाल्याला. त्याला तेवढाच पाय आहे, आणि इथे मी जेवलो का, हे विचारणारा तेवढाच माणूस आहे.

ठिकाण: अवजारांची खोली
तारीख: चढायच्या आदल्या दिवसाची
सही: गवत्या

साक्षीदार पहिला: आश्रमाचा स्वयंपाकी. (मला यात काहीही ठेवलेले नाही, हे दोनदा वाचून सही केली.)

साक्षीदार दुसरा: तोफवाला. नाव मीच खोडले. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही म्हणतात, आणि मला बूट हवा. चौकीदाराची सही घे. आणि गाढवा, उद्या दोन्ही बूट घालून चढ. दोर मी धरतोय. खाली आलास की वाटणीचं बघू.